दुर्मिळ रंगाच्या डायलची घड्याळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलचा रंग ‘दुर्मिळ’ कधी म्हणायचा?

रंग क्वचित दिसतो एवढ्याने तो दुर्मिळ ठरत नाही. डायलवर रंग तीन वाटांनी येतो. एक, कारखान्यानेच दिलेला आणि मोजक्या डायलवर चढलेला. दोन, कारखान्यातून निघताना वेगळा असलेला, पण ऊन, उष्णता, दमट हवा आणि वर्षे यांनी बदललेला. तीन, नंतर कोणीतरी चढवलेला. पहिल्या दोन वाटांना किंमत मिळते, तिसरीला नाही. या बाजारातली बहुतेक लबाडी म्हणजे तिसऱ्या वाटेचा रंग पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेचा म्हणून विकणे. म्हणून घड्याळ समोर आले की आधी विचारावे : हा रंग इथे आला कसा?

डायलला रंग देतात तरी कसा? खरेदीदाराला ते कळून काय उपयोग?

उपयोग मोठा आहे, कारण प्रत्येक पद्धतीचा रंग वेगळ्या प्रकारे जुना होतो आणि नकलेची खूणही वेगळ्या जागी सापडते.

नेहमीची डायल पितळेच्या पातळ चकतीची असते. मागे दोन बारीक पाय डाखलेले असतात, ते मूव्हमेंटच्या, म्हणजे आतल्या यंत्राच्या, भोकांत बसतात. चकती घासून तिच्यावर पोत आणतात. मध्यापासून कडेकडे किरण फाकल्यासारखा पोत असेल तर त्याला सनबर्स्ट म्हणतात. मग रंग. गॅल्व्हॅनिक पद्धतीत चकती रसायनाच्या द्रावणात बुडवून विजेने धातूचा थर चढवतात. किती वेळ, किती तापमान, किती विद्युतप्रवाह यावर छटा ठरते, त्यामुळे दोन खेपांच्या छटांत थोडा फरक पडू शकतो. पीव्हीडीत (धातूची वाफ करून थर देण्याची पद्धत) निर्वात पेटीत थर बसतो. तो अगदी पातळ आणि एकसारखा असतो. लॅकरमध्ये, म्हणजे चकाकणाऱ्या रंगलेपात, रंगाचे अनेक फवारे एकावर एक मारतात, वाळवतात आणि काचेसारखी चकाकी येईपर्यंत घासतात. शेवटी रबरी गादीने अक्षरे आणि मिनिटांच्या रेघा छापतात आणि इंडेक्स, म्हणजे तासांच्या उठावदार खुणा, भोकांत बसवतात.

गॅल्व्हॅनिक थरातून खालचा पोत दिसतो. जाड लॅकरखाली तो झाकला जातो. एखाद्या मॉडेलमध्ये मूळ डायल सनबर्स्ट असायला हवी आणि समोरची सपाट, गुळगुळीत दिसत असेल, तर पुढचे काही तपासण्याआधीच हात आखडता घ्यावा.

संग्राहक ज्याला ‘स्टेला’ म्हणतात ते काय?

रोलेक्सने मुख्यतः १९७० च्या दशकात आपल्या डे-डेट (वार आणि तारीख दाखवणाऱ्या) मॉडेलवर बसवलेल्या भडक लॅकरच्या डायल. फिरोजी, अबोली, पोपटी, पिवळा आणि आमसुली, ज्याला बाजार ‘ऑक्सब्लड’ म्हणतो. सोन्याच्या घड्याळात असले रंग त्या काळी अनेकांना रुचले नाहीत, म्हणून कमी खपले आणि म्हणूनच आज कमी सापडतात. रेफरन्स, म्हणजे मॉडेल क्रमांक, १८०३ मध्ये त्या सर्वाधिक ओळखीच्या आहेत.

स्टेला तपासताना १० पट भिंग लागतेच. वार आणि तारखेच्या खिडक्यांच्या कडा पाहा. मूळ डायलमध्ये कड स्वच्छ असते; पुन्हा रंगवलेलीत रंग कडेशी साचून गोलसर मणी तयार होतो. इंडेक्सच्या बुडाशीही तसेच : रंग इंडेक्सच्या अंगावर चढलेला दिसला तर फवारा इंडेक्स न काढता मारला आहे. छापील अक्षरे लॅकरच्या वर किंचित उठलेली, कडा धारदार हव्यात. सहाच्या खाली ‘टी स्विस टी’ ही ओळ त्या काळातल्या ट्रिटियमच्या (अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सर्गी लेपाच्या) डायलवर असते. ती नसेल, वाकडी असेल किंवा केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोळीच्या) कडेखाली अर्धी गेली असेल तर कारण विचारावे. या ओळीच्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा असेल तर इंडेक्स सोन्याचे असल्याची ती खूण आहे. लॅकरमधले केसासारखे तडे मात्र दोष मानून लगेच नाकारू नयेत. इतक्या जाड थरात ते येतात, भाव तेवढा उतरतो.

‘ट्रॉपिकल’ डायल म्हणजे काय आणि ती का होते?

मूळची काळी डायल वर्षांनंतर तपकिरी झाली की तिला ट्रॉपिकल म्हणतात. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या रोलेक्सच्या सबमरीनर व जीएमटी-मास्टर आणि ओमेगा स्पीडमास्टरमध्ये हे दिसते. काळ्या थराची किंवा त्यावरच्या पारदर्शक लॅकरची घडण काही खेपांत कमी टिकाऊ निघाली आणि अतिनील किरणांनी व उष्णतेने ती बदलली. म्हणजे हा मुळात उत्पादनातला दोष. एकाच वर्षाची, शेजारी-शेजारी ठेवलेली दोन घड्याळे, त्यातले एक चॉकलेटी होते आणि दुसरे काळेच राहते, याचे कारण तेच.

रोलेक्स डेटोना १६५२० (१९८८ ते २०००) मध्ये याच कुळातला पण वेगळा प्रकार आहे. काही काळ्या डायलवर छोट्या तबकड्यांची चंदेरी कडी तपकिरी होत जातात. डायलवर दिलेला झापॉन नावाचा सेंद्रिय वार्निश पुरेसे संरक्षण देऊ शकला नाही, हे कारण घड्याळांचे लिलावदार ओस्वाल्दो पात्रिझ्झी यांनी मांडले, म्हणून या डायलना त्यांचेच नाव पडले. १९९० च्या दशकाच्या मध्यातल्या घड्याळांत त्या जास्त सापडतात. सोने-स्टीलच्या जुन्या सबमरीनरची निळी डायल जांभळी होते, तीही याच नात्यातली.

सगळ्याच बदलांना सौंदर्य समजू नये. एकसारखा, उबदार तपकिरी रंग आणि शाबूत छपाई असेल तर किंमत चढते. ठिपके, बुरशी, कडेने आत सरकलेला ओलाव्याचा डाग, सुटलेले लॅकर हे नुकसानच, विक्रेता त्याला ‘पॅटिना’ (वयाने आलेली झाक) म्हणो की आणखी काही. १९८० च्या दशकातल्या काही चकचकीत डायलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पडतात. त्यांना ‘स्पायडर’ म्हणतात. त्यांचेही चाहते आहेत, पण त्यासाठी नितळ डायलपेक्षा जास्त पैसे मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

कृत्रिम ट्रॉपिकल ओळखायची कशी?

डायल भट्टीत भाजून किंवा अतिनील दिव्याखाली ठेवून तपकिरी करतात. पाहायच्या जागा :

डायलची अगदी बाहेरची कड केसच्या आतल्या कड्याखाली झाकलेली असते. नैसर्गिक बदलात तिथे प्रकाश कमी पोचल्याने अनेकदा मूळ काळेपणा उरतो. डायल सुटी काढून भाजली असेल तर कडेपासून मध्यापर्यंत रंग एकच.

ल्यूम, म्हणजे अंधारात चमकणारा लेप. उष्णतेने तो भुगभुगीत होतो, त्याच्या कडा सुटतात. डायल पिकलेली आणि काट्यांवरचा लेप पांढराशुभ्र असेल, तर निदान काटे तरी बदललेले आहेत.

सोनेरी अक्षरे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ‘गिल्ट’ डायलमध्ये अक्षरे बहुधा छापलेली नसतात. अक्षरांच्या जागा झाकून बाकी चकती काळी करतात आणि खालचे पितळ अक्षरांतून चमकते. ती अक्षरे काळ्या थराच्या किंचित खोल दिसतात. सोनेरी शाई वर बसलेली दिसली तर डायल पुन्हा छापलेली असण्याची शक्यता मोठी.

यातली एकच खूण पाहून निकाल देऊ नये. तीन जागी उत्तर जुळले की विश्वास ठेवावा.

ल्यूमवरून डायलचे वय खरोखर कळते का?

बऱ्यापैकी. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम, मग ट्रिटियम, १९९८ च्या सुमारास ल्युमिनोव्हा आणि लगेच पुढे सुपर-ल्युमिनोव्हा. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, त्यामुळे १९७० ची डायल आज स्वतःहून चमकत नाही. अतिनील बॅटरी मारून विझवली की क्षणभर उजळते आणि लगेच मावळते. मिनिटभर हिरवीगार चमकत राहिली तर लेप नवा आहे. ‘टी स्विस टी’ लिहिलेल्या डायलवर असा लेप म्हणजे पुन्हा भरलेला लेप.

रेडियमची गोष्ट निराळी. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. त्यातला चमकणारा पदार्थ केव्हाच जळून गेलेला असतो, पण किरणोत्सर्ग तसाच असतो. बंद घड्याळ मनगटावर घालणे एक, आणि ते उघडून लेप खरवडणे दुसरे. त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. रेडियमचे घड्याळ घरी उघडू नये.

दगडाच्या डायल घ्याव्यात का?

रंगासाठी घ्यायचे तर यांच्यासारखे काही नाही, आणि काळजीही यांचीच सर्वाधिक. पियाजेने १९६० च्या दशकात लाजवर्द, मॅलाकाइट, टायगर आय, फिरोजा अशा डायल गाजवल्या. रोलेक्सनेही डे-डेटवर अनेक दगड वापरले. दगडाचा मिलिमीटरहून बराच पातळ काप पितळेच्या चकतीवर चिकटवलेला असतो. मध्ये काट्यांसाठी भोक, कधी तारखेची खिडकी. तडा जातो तो बहुधा इथूनच, आणि तोही घड्याळ पडल्याने कमी, काटे बसवताना दाब जास्त झाल्याने अधिक. दगडात भोके पाडणे जोखमीचे, म्हणून अशा अनेक डायलवर इंडेक्स नसतात.

शिरा आणि तडा यांतला फरक तिरक्या प्रकाशात कळतो. दिव्याचे प्रतिबिंब डायलवर सरकवत न्या. नैसर्गिक शिरेवरून ते अखंड जाते, तड्यावर तुटते. मॅलाकाइटचा कठीणपणा मोह्स मापावर ३.५ ते ४, लाजवर्दचा ५ ते ५.५, मॅलाकाइटवर चिमट्याचा साधा धक्काही ओरखडा पाडतो. फिरोजा सच्छिद्र असतो, तेल शोषतो आणि हिरवट पडतो. काळा ऑनिक्स बहुतेकदा रंगवलेला अकीकच असतो. तो जुना आणि मान्य व्यवहार आहे, फसवणूक नव्हे. अ‍ॅव्हेंच्युरिन मात्र घड्याळात बहुधा दगड नसून तांब्याचे कण अडकवलेली काच असते.

उल्केच्या डायलमध्ये रंग राखाडीच असतो, पण आडव्या-तिडव्या पट्ट्यांची नक्षी प्रत्येक तुकड्यात वेगळी. नामिबियातली गिबिओन उल्का यासाठी खूप वापरली गेली. ती लोखंडाची, वरचा संरक्षक थर गेला आणि ओलावा आत आला की गंजते.

मीनाकारीचा रंग उडतो का?

नाही. काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली असते, एकदा नव्हे, अनेकदा. शंभर वर्षांनीही रंग तोच. धोका फक्त तड्याचा. पांढऱ्या डायलवर अतिनील प्रकाशात बारीक तडे आणि जुनी भरणी वेगळी उठून दिसते.

मर्यादित संख्येच्या नव्या रंगांना एवढी किंमत का येते? ती टिकते का?

सर्वांत गाजलेले उदाहरण पाटेक फिलिप नॉटिलस ५७११ चे. डिसेंबर २०२१ मध्ये टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्याच्या फिरोजी निळ्या रंगात १७० घड्याळे काढली, कारण दोन्ही घराण्यांचा संबंध १८५१ पासूनचा, म्हणजे १७० वर्षांचा. त्यातले एक त्याच महिन्यात फिलिप्सच्या न्यूयॉर्क लिलावात ६५,०३,५०० डॉलरला गेले. त्याच वर्षी याच मॉडेलची ऑलिव्ह हिरवी डायलही आली होती.

याची झळ दुसरीकडे बसली. रोलेक्सने २०२० मध्ये ऑयस्टर पर्पेच्युअल ३६ आणि ४१ मिलिमीटरमध्ये फिरोजी, पिवळा, कोरल लाल, हिरवा असे लॅकरचे रंग आणले होते. टिफनी नॉटिलसनंतर फिरोजी डायलच्या ऑयस्टर पर्पेच्युअलचे भाव भडकले आणि २०२२ च्या वसंतानंतर बाजार थंडावला तसे खाली आले. १७० हा आकडा जाहीर होता. ऑयस्टर पर्पेच्युअल किती बनली हे कंपनीने कधी जाहीर केले नाही. आकडा माहीत नसताना ‘दुर्मिळ’ म्हणून दिलेला भाव हा फॅशनचा भाव असतो. रंग आवडतो म्हणून तो देणे वेगळे, दुर्मिळ समजून देणे वेगळे.

याच रंगांमुळे आणखी एक धंदा उभा राहिला. कमी मागणीच्या रंगाचे खरे घड्याळ घ्यायचे आणि त्यात बाहेरून बनवलेली फिरोजी डायल बसवायची. केस खरी, मूव्हमेंट खरी, कार्डही खरे. खोटी फक्त डायल.

मग कागदपत्रांवरून डायल मूळ असल्याचे सिद्ध होते का?

पूर्ण नाही. हमीपत्रावर रेफरन्स आणि अनुक्रमांक असतो. डायलचा रंग असेलच असे नाही. डायल बदलायला जाणकार घड्याळजीला फार वेळ लागत नाही, अनुक्रमांक मात्र केसवर तसाच राहतो. पाटेक फिलिप आपल्या नोंदवहीतला उतारा देते आणि जुन्या घड्याळांच्या उताऱ्यात डायलचे वर्णन बऱ्याचदा असते. रोलेक्स असा उतारा देत नाही. तिथे डायलच आपला दाखला : छपाई, लेप, पोत, आणि मागची बाजू.

मागच्या बाजूला डायल बनवणाऱ्याचा शिक्का असू शकतो, उदाहरणार्थ स्टर्न किंवा सिंगर. डेटोनाच्या ज्या डायलना ‘पॉल न्यूमन’ म्हणतात त्या सिंगरच्या. खुद्द न्यूमन या अमेरिकी अभिनेत्याचे घड्याळ २०१७ मध्ये १,७७,५२,५०० डॉलरला विकले गेले तेव्हापासून त्या डायलच्या नकलाही तितक्याच मन लावून होऊ लागल्या. मागे नव्या रंगाचा फवारा उडालेला असेल तर डायल पुन्हा रंगवलेली आहे. पाय कापून ती चिकटपट्टीने बसवली असेल, तर ती बहुधा दुसऱ्या मूव्हमेंटसाठी बनलेली आहे. पायांच्या जागा मूव्हमेंटच्या पिढीनुसार बदलतात. जुनी डायल नव्या मूव्हमेंटवर सरळ बसत नाही.

दूरवरून घेताना विक्रेत्याकडून काय मागायचे?

ढगाळ दिवसाच्या खिडकीतल्या उजेडात समोरून एक फोटो, आणि त्याच फोटोत शेजारी कोरा पांढरा किंवा करडा कागद. कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर डायलचा रंगही तेवढाच खोटा समजा. मग घड्याळ हळूहळू फिरवल्याचा सलग व्हिडिओ. सनबर्स्ट डायल एका कोनातून काळी आणि दुसऱ्यातून मोरपंखी दिसते, एका फोटोवर तिचा रंग ठरवता येत नाही. सहाच्या खालच्या ओळीचा, तारखेच्या खिडकीचा आणि तीन-चार इंडेक्सच्या बुडाचा जवळून फोटो. अतिनील बॅटरीने उजळून विझवल्यानंतरचे १५ सेकंद. मागील सर्व्हिसच्या वेळी काढलेला डायलच्या पाठीचा फोटो असेल तर उत्तम. फक्त त्यासाठी घड्याळ उघडायला लावताना विचार करा : काटे काढताना डायलवर ओरखडा पडू शकतो, आणि दगड किंवा नाजूक लॅकर असेल तर तो धोका पत्करण्याजोगी किंमत असायला हवी.

फोनने आपोआप रंग ‘सुधारलेला’ फोटो घेऊन येणाऱ्याशी भांडू नका. बहुतेकांना फोन असे करतो हे ठाऊकच नसते.

सर्व्हिसला देताना डायलचे काय होते?

इथे सर्वाधिक नुकसान होते, तेही चांगल्या हेतूने. डाग पडलेली डायल पाहून सर्व्हिस केंद्र नवी बसवते. ती कंपनीचीच, निर्दोष असते आणि घड्याळाची संग्राहकी किंमत घेऊन जाते. ट्रॉपिकल डायलच्या जागी अशी काळीकुळकुळीत सर्व्हिस डायल आली की परत फिरणे नाही, कारण जुने भाग अनेकदा ग्राहकाला परत मिळत नाहीत.

पावतीवर चार वाक्ये लिहून घ्या : डायल बदलू नये. काटे बदलू नयेत. लेप पुन्हा भरू नये. केसला पॉलिश करू नये. काही बदलावेच लागले तर आधी विचारावे आणि काढलेला भाग परत द्यावा. केंद्राला हे मान्य नसेल तर दुसरा घड्याळजी शोधावा.

घरी सांभाळायचे कसे?

थेट ऊन टाळा, शोकेसमध्येही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार कोरडी हवाही जुन्या लॅकरला आणि चिकटवलेल्या दगडाला मानवत नाही, म्हणून डब्यात सिलिका जेलचा ढीग ओतू नका.

चांदीच्या थराच्या डायल गंधकाने काळ्या पडतात. गंधक येते कुठून? लोकरीचे अस्तर, काही प्रकारचे रबर. ओक लाकडाच्या देखण्या पेटीतून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघते, तीही धातूला चांगली नाही. साधी, न रंगवलेल्या सुती अस्तराची पेटी बरी.

ओलाव्याला अडवणारी गास्केटे सर्व्हिसच्या वेळी बदलून घ्या आणि पाण्याजवळ घालत असाल तर वर्षातून एकदा दाब-चाचणी करा. जुन्या, मोलाच्या डायलचे घड्याळ पाण्यात नेऊच नये, मग केसवर कितीही मीटर लिहिलेले असोत.

काचेखाली धुके आले तर?

चावी ओढून ठेवणे, हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, यातले काही करू नका. उष्णतेने वाफ डायलवरच बसते आणि लॅकरला फोड येतात. घड्याळ काच खाली करून ठेवा, म्हणजे थेंब डायलपासून दूर राहतील, आणि एक-दोन दिवसांत घड्याळजीकडे उघडून वाळवून घ्या. खारे पाणी गेले असेल तर तासांचा हिशेब, त्याच दिवशी.

डाग पडलेली डायल स्वच्छ करून मिळते का?

धूळ काढता येते, तीही रबरी फुंकणीने. त्यापुढे फारसे काही नाही. १९५० च्या दशकातल्या कित्येक डायलवर छपाई लॅकरच्या वर आहे, ओल्या कापसाच्या एका फटक्यात ब्रँडचे नाव पुसले जाते. घड्याळजी वापरतात ती रोडिकोची चिकट गोळीसुद्धा सुटलेल्या लेपाला उचलून घेते. लॅकर सुटत असेल तर रंगसंवर्धनातला तज्ज्ञ ते जागच्या जागी बसवू शकतो. नवा रंग न चढवता केलेले असे काम विकताना सांगावे आणि त्याचे आधीचे-नंतरचे फोटो घड्याळाबरोबर द्यावेत.